मॉस्कोला न गेलेला विश्वविक्रमवीर

परवा आमच्या कट्ट्यावर वाद रंगला होता. विषय नेहमीचाच, अमक्या देशाशी खेळायचं की नाही. एकजण तावातावाने म्हणाला, "खेळाडूंनी देशासाठी एवढं तरी सोडायलाच हवं." मी गप्प बसलो, कारण मला गीडो क्राचमर आठवला. हे नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

क्राचमर पश्चिम जर्मनीचा डेकॅथलॉनपटू. जन्म १९५३ चा, माइन्झच्या क्लबकडून खेळायचा. डेकॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकार. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी अडथळ्यांची शर्यत, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि शेवटी, पाय उचलत नसताना, १५०० मीटर. प्रत्येक प्रकाराचे गुण मिळतात आणि ज्याची बेरीज जास्त, तो जिंकतो. धावपटूचे पाय हवेत आणि गोळाफेक्याचे खांदेही! असा माणूस घडायला वर्षानुवर्षं लागतात आणि तो शिखरावर राहतो ती वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्याने ८४११ गुणांसह रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण अमेरिकेच्या ब्रूस जेनरला मिळालं. जेनर त्यानंतर निवृत्तच झाला. म्हणजे १९८० साठी रस्ता मोकळा होता. आडवा येणार होता तो एकच माणूस, ब्रिटनचा तरुण डेली थॉम्पसन.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्काराची हाक दिली आणि मित्रराष्ट्रांवर दबाव आणला. पश्चिम जर्मनीच्या संसदेने प्रचंड बहुमताने बहिष्काराच्या बाजूने कौल दिला. पण अंतिम निर्णय त्यांच्या ऑलिंपिक समितीचा होता. समितीचे अध्यक्ष विली डाउमे स्वतः विरोधात होते. खेळाडूंच्या वतीने थॉमस बाख नावाचा तलवारबाज भांडला. (हो, तोच, जो पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाला.) १५ मे १९८० ला ड्युसेलडॉर्फमध्ये मतदान झालं. ५९ विरुद्ध ४०. जायचं नाही असं ठरलं.

ब्रिटनमध्ये थॅचरबाईंनीही बहिष्कारासाठी जंग जंग पछाडलं होतं, पण तिथल्या ऑलिंपिक संघटनेने सरळ नाही म्हटलं. फ्रान्स गेला, इटली गेला. पश्चिम युरोपातल्या मोठ्या देशांपैकी घरी बसला तो पश्चिम जर्मनीच.

आता पुढच्या तारखा नीट बघा. मे महिन्यातच थॉम्पसनने ऑस्ट्रियातल्या ग्योट्झिसला ८६२२ गुणांचा विश्वविक्रम केला होता. क्राचमर मॉस्कोला जाणार नाही हे पक्कं झाल्यावर महिनाभराने, १३-१४ जूनला, तो श्टुटगार्टजवळच्या बेर्नहाउझेनमध्ये मैदानात उतरला आणि ८६४९ गुण मिळवले. नवा विश्वविक्रम! समोर ऑलिंपिक नाही, पदक नाही, आणि तरी माणूस आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी करतो. त्या दोन दिवसांत त्याच्या मनात काय चाललं असेल याचा मी अनेकदा विचार केलाय.

३० जूनला पश्चिम जर्मनीचं एक विमान मॉस्कोला गेलंच. त्यात चान्सेलर हेल्मुट श्मिट होते. ब्रेझनेव्हशी बोलायला गेले होते. तिथे त्यांनी अफगाणिस्तानबद्दल सुनावलंही, हे मान्य केलं पाहिजे, आणि बोलणी चालू ठेवायला माझा विरोधही नाही. पुढच्याच वर्षी सोव्हिएत गॅस पाइपलाइनने आणायचा मोठा करारही झाला. म्हणजे चान्सेलर जाऊ शकतात, गॅस येऊ शकतो, भालाफेक करणारा तेवढा नको! अफगाणी जनतेवर झालेला अत्याचार खरा होता, त्याची किंमत रशियाला मोजायला लावणंही योग्यच. पण बिल फाडलं गेलं ते खेळाडूंच्या नावाने. सोव्हिएत फौजा १९८९ पर्यंत तिथून हलल्या नाहीत.

२६ जुलैला मॉस्कोत थॉम्पसनने ८४९५ गुणांवर सुवर्ण जिंकलं. क्राचमरच्या विक्रमापेक्षा १५४ कमी. आता डेकॅथलॉनमध्ये अशी तुलना फसवी असते. क्राचमर समोर असता तर थॉम्पसनही जास्त जोर लावून खेळला असता, आणि तो तसा होता की जिंकलाही असता. पण ते मैदानावर ठरायला हवं होतं.

आपलाही या गोष्टीशी संबंध आहे बरं का. हॉकीतलं आपलं आजवरचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण याच मॉस्कोतलं. तिथे पश्चिम जर्मनी, हॉलंड, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया कुणीच नव्हतं. सहा संघ होते, त्यातला एक टांझानिया. आपण अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ ने हरवलं. त्या पोरांचा काहीच दोष नाही, पण त्या सुवर्णाबद्दल बोलताना आजही कुणीतरी "पण" म्हणतोच. बहिष्कार न जाणाऱ्यांचं नुकसान करतो, तसं जाणाऱ्यांचंही करतो.

वर्षअखेरीला जर्मन क्रीडापत्रकारांनी क्राचमरला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. १९८२ मध्ये थॉम्पसनने विक्रम परत घेतला. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये उलटा बहिष्कार झाला, सोव्हिएत गट आला नाही. क्राचमर मात्र गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. थॉम्पसन पुन्हा पहिला. दुसरा युर्गन हिंगसेन, तिसरा झिगफ्रीड व्हेन्ट्स, दोघेही पश्चिम जर्मनीचेच. आणि चौथा क्राचमर.