झिजेचा इतिहास

राजे आले आणि गेले, किल्ले उभे राहिले आणि ढासळले, याची नोंद इतिहासकार करून ठेवतात. परंतु गाडीचा आस किती वर्षांत झिजला, नांगराचा फाळ कोणत्या हंगामात बोथटला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. वास्तविक मनुष्याच्या श्रमाचा व पैशाचा फार मोठा वाटा या मूक शत्रूने गिळला आहे. आज आपण त्याचाच इतिहास पाहू.

वडनेरास हा विषय परका नाही. हिंगणघाट तालुक्यातले हे गाव काळ्या जमिनीच्या, कापसाच्या मुलखात नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेले आहे. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. तोवर या प्रदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतूनच दूरच्या बाजारास जाई. आसाला एरंडेल घालावे, चाकाला लोखंडी धाव बसवावी, हे आपल्या गाडीवानास कोणत्याही विद्यापीठाने शिकविले नव्हते. घरातही हीच विद्या नांदत होती. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हईवाला नवसागराने साफ करून कथलाचा पातळ हात देई. राखेने घासून घासून तो थर उडाला की पुन्हा कल्हई. एका धातूचे रक्षण दुसऱ्या धातूच्या पातळ थराने करावे, ही कल्पना आपल्या स्वयंपाकघराइतकी जुनी आहे.

युरोपात या विषयाचे नियम शोधले गेले. लिओनार्दो दा व्हिन्चीने भार वाढला की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते, हे आपल्या वह्यांत टिपून ठेवले; पण त्या वह्या कित्येक शतके अंधारातच राहिल्या. १६९९ साली आमाँताँ या फ्रेंच गृहस्थाने तेच नियम पुन्हा मांडले आणि १७८५ साली कूलाँने त्यांचा विस्तार केला. १८३९ साली अमेरिकेत बॅबिटने यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती कथलाच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर घातले. मऊ अस्तराने कठीण दांडा वाचविला! आपले कल्हईचे कथील येथे दुसऱ्या कामास लागले.

असे का व्हावे? गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्म दृष्टीने डोंगरदऱ्यांनी भरलेला असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांस टेकतात ते थोड्या शिखरांवर. तेथे दाब इतका मोठा असतो की शिखरे एकमेकांस चिकटतात आणि सरकताना तुटतात. केंब्रिजच्या बोडन व टेबर यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात हे विवरण केले. कठीण पायावर मऊ धातूचा पातळ पापुद्रा असला तर घर्षण उतरते, याचेही उत्तर त्यातच मिळाले : भार पाया पेलतो आणि तुटतो तो पापुद्रा. पुढे १९५३ साली आर्चर्डने झिजेचे गणित बसविले. भार आणि सरकण्याचे अंतर वाढले की झीज वाढते. धातू कठीण असला की ती घटते. १९६६ साली ब्रिटिश सरकारच्या एका समितीने हिशोब मांडला, की या शास्त्राकडे नीट लक्ष दिल्यास त्या देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील.

मग धातू कठीण करावा कसा? धातू वाकतो तेव्हा त्याच्या अणूंच्या रांगांतला दोष सतरंजीवरल्या सुरकुतीसारखा पुढे सरकत जातो. त्याच्या वाटेत भिंती उभ्या केल्या की धातू बळकट होतो. धातूचे कण बारीक केल्याने हे साधते, असे हॉल आणि पेच यांनी १९५१ ते १९५३ या काळात दाखविले. १९७० साली कोहलरने सुचविले, की दोन भिन्न धातूंचे अतिशय पातळ थर आलटूनपालटून रचावेत. पुढे निर्वात पेटीत धातूचे अणू उडवून असे थर खरोखरच बसविले गेले. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात. दहा नॅनोमीटर जाडीचे थर रचले तर एका मिलिमीटरात एक लाख मावतील! तांबे आणि नायोबियम यांचे असे थर साध्या तांब्याहून कित्येक पटींनी कठीण ठरले.

परंतु येथे इतिहासाने एक धडा दिला. थर काही नॅनोमीटरांहून पातळ केले की दोष भिंत ओलांडू लागतो आणि बळकटी वाढेनाशी होते. शिवाय घासले जाताना वरचे थर वाकतात, फाटतात, कधी एकमेकांत मिसळूनही जातात. आरंभी जो पदार्थ होता, तो घर्षणानंतर तोच राहत नाही. म्हणून जे कठीण ते टिकाऊ, हे समीकरण नेहमी खरे ठरत नाही.

आणि झिजलेले जाते कोठे? आपल्या जिनातला रूळ पाहा. सरकी सुटावी म्हणून रुळाने रुई धरून ओढली पाहिजे. तेथे घर्षणच आपला चाकर. पण तो रूळ क्रोमने कमावलेल्या चामड्याचा असेल तर झिजलेले क्रोमियम रुईत मिसळते आणि कामगाराच्या श्वासातही जाते. म्हणून क्रोमविरहित रूळ तयार करण्याचे प्रयत्न झाले आहेत.

तात्पर्य, झीज थांबविता येत नाही. ती कोणी सोसावी, एवढे ठरविता येते. बॅबिटने ती मऊ अस्तरावर घातली, कल्हईवाल्याने कथलावर. माणसाच्या फुप्फुसावर ती पडू नये, इतके पाहणे आपल्या हाती आहे.