तळटीप : हापूस, पायरी आणि संगणकाची नजर

हापूस, पायरी : पेटीतला पेंढा बाजूला सारला की रत्नागिरीचा जाणता बागायतदार पायरी क्षणात वेगळी काढतो. तिच्या टोकाशी चोच असते; हापूसचं बूड गोलसर. संगणकाला मात्र दोन्ही पिवळे आंबेच. नेमकं कुठे पाहायचं, हेही त्याला शिकवावं लागतं.

पक्ष्यांच्या बाबतीत ही मेहनत आधी झाली. २०११ च्या एका अमेरिकी चित्रसंचात २०० प्रकारच्या पक्ष्यांची ११,७८८ छायाचित्रं आहेत. त्यांत चोच, डोळे, शेपूट अशा १५ जागा माणसांनी खुणा करून दाखवल्या आहेत.

कोकणच्या हापूसमधून कर्नाटकातला हापूस वेगळा ओळखणं पायरी ओळखण्याहूनही अवघड, कारण जात तीच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन मुलखाशी बांधलेलं आहे. त्याचा निवाडा नुसत्या फोटोवर सोडणं बागायतदारावर अन्याय ठरेल.