बासरीच्या गाद्या

यूरोपीय बासरीचा इतिहास सांगतांना नळीचा आकार आणि छिद्रांची मांडणी यांचेंच वर्णन बहुधा केलें जातें. छिद्र झांकणाऱ्या चिमुकल्या गादीकडे, कारागीर जिला पॅड म्हणतात तिच्याकडे, लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः त्या वाद्याचें सामर्थ्य आणि दौर्बल्य हीं दोन्ही ह्या गादींतच सांठविलेलीं आहेत.

म्यूनिकचा थेओबाल्ड बोम हा सोनारकाम शिकलेला बासरीवादक होता. १८३१ सालीं लंडनांत चार्ल्स निकल्सन याच्या मोठ्या छिद्रांच्या बासरीचा भरदार नाद ऐकून आपल्या वाद्याची उणीव त्याच्या ध्यानीं आली. १८३२ सालीं त्यानें नवी रचना केली, आणि १८४७ सालीं तर छिद्रें बोटांनीं झांकतां येणार नाहींत इतकीं रुंद करून त्यांवर गादीदार झांकणें बसविलीं. आपल्या वेळूच्या बासरींत बोटाचें मांसच गादीचें काम करतें. तेथें तें काम लोकरीच्या नमद्यावर आंतड्याची पातळ त्वचा ताणलेल्या चकतीकडे गेलें. नाद वाढला, पण वाद्य नाशवंत वस्तूच्या स्वाधीन झालें.

ओलाव्यानें ही त्वचा फुगते, कालांतरानें फाटते. नमद्याला कसर लागते. केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर दुबळे होतात. म्हणून कारागीर गादी व छिद्राची कड यांमध्यें सिगारेटच्या कागदाची पट्टी धरून चोहोंबाजूंनीं ओढून पाहतो. जेथें ती सैल निसटते तेथें गादीखालीं पातळ कागदाचा तुकडा घालतो. झांकणें परस्परांशीं जोडलेलीं असल्यामुळें एकाची दुरुस्ती दुसऱ्याचा मेळ बिघडविते. कामाला धीर लागतो तो यामुळेंच. १८७१ सालच्या आपल्या ग्रंथांत बोमनें वाद्याच्या निगेचा व दुरुस्तीचाही विचार केला आहे. शोधकाला हें काम हलकें वाटलें नाहीं.

त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर करणारे अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते डेटन मिलर १९४१ सालीं वारले. त्यांचा सुमारें १,७०० बासऱ्यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहे. अशा संग्रहांपुढें एक कठीण प्रश्न उभा राहतो. जुनी गादी काढली तर पूर्वीच्या कारागिराच्या हाताची साक्ष पुसली जाते. न काढली तर वाद्य मुकें राहतें. माझ्या मतें, ज्या बासरीची मूळ गादी टिकली आहे ती अभ्यासासाठीं तशीच राखावी. जिची पूर्वींच बदलली गेली, तिला मात्र नवी गादी द्यावी आणि खुशाल वाजूं द्यावें. नळी शतक दोन शतकें टिकते; तिचा आवाज मात्र प्रत्येक पिढीच्या कारागिरानें पुन्हा मिळवून द्यावा लागतो.