कैरो : संगमावरचे ओसरते शहर

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या संगमावर कैरो वसले आहे. नाव इजिप्तच्या राजधानीचे. स्थानिक उच्चार मात्र ‘केरो’. यादवी युद्धात १८६१ साली जनरल ग्रँट यांनी येथे तळ ठोकला. पुढे आगबोटी व रेल्वेमुळे व्यापार बहरला. १८७२ साली पूर्ण झालेले दगडी कस्टम हाउस (आता संग्रहालय) त्या वैभवाची साक्ष देते. शहराच्या टोकावरील फोर्ट डिफायन्स येथून दोन्ही नद्यांचे वेगवेगळ्या रंगांचे प्रवाह दिसतात.

१९२० साली येथे १५ हजारांवर लोक राहत. २०२०च्या जनगणनेत उरले १,७३३. जलवाहतूक घटली हे खरेच, पण त्याहून खोल घाव वर्णद्वेषाचा. १९६७ साली रजेवर आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि दंगल उसळली. कृष्णवर्णीयांना नोकऱ्या नाकारणाऱ्या दुकानांवर १९६९पासून बहिष्कार पडला. अनेक मालकांनी दुकानांना टाळे ठोकणे पसंत केले. बाजारपेठ उठली ती उठलीच.

मे २०११च्या महापुरात कैरो वाचवण्यासाठी लष्कराच्या अभियंत्यांनी मिसुरीच्या बाजूचा बंधारा सुरुंग लावून फोडला. मिसुरी राज्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. शहर वाचले.