उलटी बदली

बँकेतल्या माणसाला संगीतातलं काही कळत नाही, असा आमच्या घरात एक समज आहे. तो खरा आहे. वडील पोस्टात होते, पण पेटी फार सुरेख वाजवत. मला त्यांनी आठवडाभर पेटीपुढं बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "तू कॉमर्सला जा." मी गेलो.

तेव्हा ह्मोंग लोकांच्या वाद्यावर मी लिहावं हा आगाऊपणाच. पण दोष माझ्या पुतण्याचा. तो अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलला असतो. परवा फोनवर म्हणाला, "काका, इथं एका ह्मोंग ओळखीच्यांकडे अंत्यविधीला गेलो होतो. तीन दिवस चालला होता! एक माणूस वाजवतोय काय, वाकतोय काय, गिरक्या घेतोय काय!"

त्या वाद्याचं नाव केंग. लाकडाचे दोन अर्धे आतून कोरायचे, जोडायचे, वरून पट्ट्यांनी आवळायचे. झाली हवेची पेटी. तिच्यातून बांबूच्या सहा नळ्या आरपार घालायच्या आणि नळीत धातूची पातळ पात बसवायची. हीच पात आपल्या पेटीतही असते बरं का! याच कुळातलं चिनी शंग अठराव्या शतकात युरोपात पोचलं, तिथल्या कारागिरांनी त्या पातीवर खटपटी केल्या आणि 1840 च्या सुमारास पॅरिसच्या दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. म्हणजे केंग ही आपल्या पेटीची लांबची आजी. फक्त हिचा भाता म्हणजे वाजवणाऱ्याची फुप्फुसं. श्वास घेतला तरी वाजते, सोडला तरी वाजते. आणि नळीचं भोक बोटानं बुजवलं तरच ती नळी बोलते. आमच्या हापिसात तोंड बुजवलं की माणूस गप्प बसतो.

'बोलते' हे मी उगाच म्हणत नाही. ह्मोंग भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे केंगच्या सुरांत शब्द भरता येतात आणि जाणकाराला ते ऐकू येतात. गिरक्या कशासाठी? तर दुष्ट भुतांना वाट सापडू नये म्हणून. नळ्या सहा का, याची एक दंतकथा आहे. सहा भाऊ एकेक बासरी घेऊन आईवडिलांच्या मरणावर वाजवत. पुढं सहा जणांना एकत्र येणं जमेना, म्हणून सहा बासऱ्यांचं एक वाद्य केलं. भाऊबंदांचा हा अनुभव सार्वत्रिक दिसतो.

ही माणसं मूळची दक्षिण चीनची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पुष्कळ जण लाओस-व्हिएतनामच्या डोंगरांत आले. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या गुप्तचर खात्यानं लाओसमध्ये त्यांची फौज उभारली. 1975 साली डाव उलटला. हजारो लोक मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत शिरले. कित्येक नदीतच बुडाले. तिथून मग अमेरिका.

आता अंत्यविधीची गोष्ट. माणूस गेला की एक जाणकार त्याला परतीची वाट सांगतो. शेवटचं घर, त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं, अशी एकेक गावं उलटी घेत थेट जन्मगावापर्यंत. तिथं त्याची वार पुरलेली असते. तो त्याचा पहिला सदरा. तो घालून पूर्वजांकडे जायचं. मग केंग सुरू होते आणि त्याला वाटेला लावते. सेंट पॉलचा म्हातारा असला तर वाट छावणीवरून, मेकाँगवरून, लाओसच्या डोंगरात!

हे ऐकलं आणि मी गप्प झालो. गेल्या वर्षी वडील गेले. शेवटचे आठ दिवस एकच घोषा, "मला घरी ने." मी म्हणायचो, "बाबा, घरीच आहात." गुहागरचं घर विकलं त्या कागदावर माझीही सही आहे.

रात्री मी पेटी काढली. वाजवता येत नाहीच. भाता हलवत एक पट्टी दाबून धरली आणि म्हणत गेलो, "पुणे. सोलापूर. मिरज. कराड. रत्नागिरी. गुहागर."

ही दारात येऊन उभी राहिली. "हे काय चाललंय मध्यरात्री?"

"बाबांची बदली," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. आत येऊन पेटीपाशी बसली.