‘पाठलाग’च्या मागची कादंबरी

माध्यमांतर शिकवताना वर्गात ‘मेरा साया’चा उल्लेख केला की विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात. ‘पाठलाग’ म्हटले की एखाद्यास गाणे आठवते. ‘आशा परत येते’ म्हटले की वर्ग गप्प होतो. निर्मितीचा क्रम मात्र याच्या नेमका उलट आहे.

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला. पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेला वकील आणि आपणच ती पत्नी असल्याचे न्यायालयात सांगणारी आरोपी स्त्री, हा कथेचा गाभा. कादंबरीच्या शीर्षकातला श्लेष सुंदर आहे. पण ‘परत येते’ हे क्रियापद वाचकाला शेवटाची चाहूल देते. चित्रपटाच्या शीर्षकात कोण कोणाचा पाठलाग करते, हेच कळत नाही. रहस्य तिथूनच सुरू होते.

‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२) अशा खेळकर चित्रपटांचा हा दिग्दर्शक. नायिका भावना, नायक डॉ. काशिनाथ घाणेकर आमच्याच जिल्ह्यातील चिपळूणचे, पेशाने दंतवैद्य. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील त्यांचा संभाजी १९६२ पासून रंगभूमी गाजवत होता. तो धगधगता नट येथे उलटतपासणी घेता घेता आतून डळमळणारा वकील झाला.

न्यायालयीन कथेला गाण्याची गरज काय? माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर येथे स्मृतीची साक्ष देतात. त्या गीतात पत्नीचे डोळे पाखरे होऊन पतीभोवती फिरतात. राज खोसला यांच्या ‘मेरा साया’त (१९६६) राजा मेहदी अली खान, मदन मोहन आणि लता मंगेशकर यांच्या गीतात पाखरांची सावली झाली, आणि तीच चित्रपटाचे नाव झाली. मधल्या काळात, १९६५ मध्ये, तमिळ ‘इदय कमलम्’ येऊन गेला होता.

‘पाठलाग’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. एका कादंबरीने तीन भाषांतील पडदे व्यापले. आपल्या वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात मात्र रहस्यकथा अजूनही दाराबाहेरच उभी असते. लोकप्रिय म्हणजे हलके, हा आपला जुना निवाडा. त्याची फेरतपासणी आपण वर्गात तरी करायला हवी.