नगरच्या काष्ठौषधी व्यापाराचा पूर्वेतिहास : एका वहीच्या आधारे

आपल्या ज्ञातीतील काही घराण्यांनी नगर शहरात पिढ्यान्‌पिढ्या काष्ठौषधींचा व्यापार केला, त्याविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. लिहावयास बसताच प्रथम आठवली ती आमच्या आजोबांची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची ही लांबट चोपडी हिशेबाची नव्हे. तिच्यात प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले आहेत : ‘बाजारी नाव’, ‘वैद्यकी नाव’ आणि ‘डोंगरी नाव’. पहिले दोन रकाने जवळजवळ भरलेले असून तिसरा बहुतेक ठिकाणी कोरा आहे. या कोऱ्या रकान्याविषयी आम्हांस शेवटी काही निवेदन करावयाचे आहे.

नव्या पिढीसाठी प्रथम हे सांगितले पाहिजे की, काष्ठौषधींचे दुकान म्हणजे आजचे औषधांचे दुकान नव्हे आणि किराण्याचेही नव्हे. मुळे, साली, फळे, बिया, डिंक, सुकी फुले असा वाळलेला माल तेथे सुटा मिळे. पूर्वी अशा दुकानदारास कोठे गांधी म्हणत, कोठे अत्तार. भिंतीभर पत्र्याचे डबे, गल्ल्याशेजारी खलबत्ता, लहान-मोठे दोन तराजू आणि पुड्या बांधण्यासाठी रद्दीचा ढीग, एवढाच संसार. दुकानात शिरताच वेखंड, ज्येष्ठमध आणि नागरमोथा यांचा जो मिश्र वास येई, तो आमच्या बालपणाचाच वास होय.

या शहराचा औषधिद्रव्यांशी संबंध फार जुना आहे. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये शहर वसविले. त्याचा पुत्र बुऱ्हाण निजामशहा (मृत्यू १५५३) यास वैद्यकाची आवड होती. रुस्तुम जुर्जानी या हकिमाने त्याच्या दरबारी ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा वैद्यकग्रंथ रचला. याच निजामशहाकडे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे जाणे-येणे होते. ओर्ता १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १५६३ मध्ये गोव्यात त्याने इकडील औषधिद्रव्यांवर संवादरूप ग्रंथ छापला. ग्रंथात एक स्वतः ओर्ता, दुसरा स्पेनमध्ये शिकून आलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य. रुआनो जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता म्हणतो, ते राहू द्या, येथे वस्तू प्रत्यक्ष पाहा. मग अँटोनिया नावाची दासी नमुना आणून पुढे ठेवते. प्रत्येक द्रव्यास कोण काय म्हणते, हे ओर्ता काळजीने टिपतो. हिरड्याचे प्रकार, बेहडा आणि आवळा यांवर त्याने एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. १५६७ मध्ये क्लूसियसने या ग्रंथाचा लॅटिन सारांश काढला आणि युरोपातील वैद्यांस आपल्याकडील द्रव्यांची ओळख झाली. ग्रंथकर्त्याच्या वाट्यास मात्र काय आले? तो मूळचा यहुदी वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, धर्मन्यायासनाने त्याची हाडे उकरून जाळली.

इंग्रजी अमदानीत याच हिरड्याचा व्यापार वाढला, पण औषधासाठी नव्हे. हिरड्यातील तुरट द्रव्य कातडी कमावण्यास उपयोगी पडत असल्यामुळे मुंबई बंदरातून तो परदेशी जाऊ लागला. आमच्या जिल्ह्यात त्याचा उगम अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाईच्या परिसरात. बी धरण्यापूर्वीच फळ तोडून वाळविले की तो बाळहिरडा होतो. झाडावर पिकू दिला की मोठा हिरडा. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे उन्हातान्हात झाडावर चढून तो तोडीत, खडकावर वाळवीत आणि डोक्यावरून राजूरच्या बाजारास आणीत. तेथून पुढे भाव व्यापाऱ्याचा. त्या व्यापाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे हमीभावाने खरेदी सुरू झाली, तेव्हा आपल्यातील कित्येकांनी कुरकुर केली. ती कुरकुर आम्हीही लहानपणी ऐकली आहे.

शास्त्राच्या बाजूने पाहता नगरास मोठा लाभ झाला तो वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांचा. १९०७ मध्ये नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा आरंभ झाला होता. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शास्त्रीबुवांनी नगरला आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले. ते आज त्यांच्याच नावाने चालू आहे. त्यांचा ‘औषधीगुणधर्मशास्त्र’ हा मराठी ग्रंथ वैद्यांच्या घरोघरी असे. आमच्या दुकानातही त्याचे भाग होते आणि त्यांवर हळदीचे डाग होते. विद्यार्थी द्रव्ये ओळखावयास दुकानात येत. आजोबा डबा उघडून मूठभर माल कागदावर पसरीत आणि प्रथम नाव न सांगता वास घ्या, चावून पाहा, मोडून पाहा, असे म्हणत. वहीचा दुसरा रकाना याच काळात भरला. संस्कृत नाव विद्यार्थ्यांकडून घ्यावयाचे आणि बाजारी नाव त्यांस द्यावयाचे, असा तो रोखीचा व्यवहार होता.

या विद्येची परीक्षा एकदा आमच्या वडिलांच्या काळात झाली. मोठ्या शहरातील एका ठोक व्यापाऱ्याकडून अशोकाच्या सालीची गोणी आली. वडील त्या आठवड्यात आजारी होते. माल न चाखताच डब्यात भरला गेला आणि विकलाही गेला. महिन्याभराने एक वृद्ध वैद्य पुडी घेऊन आले. पुडी गल्ल्यावर ठेवून एवढेच म्हणाले, “शेठजी, हिला तुरटपणा नाही.” वडिलांनी तुकडा चावला आणि त्यांचा चेहरा उतरला. स्त्रियांच्या विकारांत वापरतात तो सीतेचा अशोक निराळा. त्यास नारिंगी-तांबडी फुले येतात आणि त्याचे पान संयुक्त असते. रस्त्याच्या कडेला उंच वाढणारा, लांब लहरी पानांचा हिरवा अशोक निराळा. झाडे पाहिली तर मूलही फरक सांगेल; पण साल वाळवून तुकडे केले की भलेभले फसतात. वडिलांनी उधारीच्या वहीवरून, आणि ज्यांची नावे आठवली त्यांच्या घरी जाऊन, पैसे परत केले. रोखीने नेणारे परगावचे गिऱ्हाईक मात्र सापडले नाही. त्या पुड्या कोणी घेतल्या आणि त्यांचे काय झाले, हे त्यांस अखेरपर्यंत कळले नाही. पुढे दुकानात साल चाखल्यावाचून डबा कधी भरला गेला नाही.

गिऱ्हाइकांत बायकांची संख्या मोठी असे. बाळंतिणीचा काढा, शिकेकाई आणि विशेषतः बाळघुटी. आजी नव्या सुनेस घेऊन येत आणि आजोबा सहाणेवर प्रत्येक द्रव्याचे किती वळसे द्यावयाचे ते दाखवीत : “बाई, मुरडशेंगेचे दोन चालतील, वेखंडाचा अर्धाच, जास्त नको.” ही प्रमाणबुद्धी मोलाची होती. तथापि पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ आता सांगतात. आमच्या गल्ल्यावर आता घुटीची पुडी मागणाऱ्यास प्रथम हेच सांगितले जाते. काही विक्री जाते. आजोबा असते तर त्यांनीही हेच केले असते, असे आमचे मत आहे. घरातील वडीलधाऱ्यांस ते मान्य नाही.

तोळ्यामाशांविषयी एक गोष्ट जाता जाता. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे जुने मान. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. खरा तोळा अकरा ग्रॅमहून थोडा अधिक. बाजाराने त्याचे दहा केले आणि सरकारी आयुर्वेदीय योगसंग्रहाने बारा धरले. एकाच काढ्यातील अर्धी द्रव्ये एका दुकानातून आणि अर्धी दुसऱ्याकडून घेतली की पाठ बिघडे. शिवाय ज्या गुंजेने वजन करावयाचे ती स्वतः विषारी! बचनाग, कुचला आणि धोत्रा यांच्या जोडीने ती औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या सूचीत आहे. आमच्याकडे हे डबे सर्वांत वरच्या फळीवर असत आणि वैद्याच्या चिठ्ठीवाचून खाली उतरत नसत.

आता त्या तिसऱ्या रकान्याकडे वळू. आजोबांच्या मागे वडील आणि त्यांच्या मागे आम्ही, कोणीच तो भरला नाही. माल राजूरहून येई, आणणाऱ्यास आपण पैसे देत असू आणि नाव मात्र विचारीत नसू. मागील पावसाळ्यात आम्ही वही घेऊन अकोल्याच्या डोंगरात गेलो. एका वाडीवर चुलीजवळ बसलेल्या आजीबाईंस आम्ही पिशवीतील पांढरी मुसळी दाखविली. कंद हातात फिरवून त्या म्हणाल्या, “ही तर आमची फोडशी. पयल्या पावसात हिची भाजी खातो.” भारंगमूळ दाखविले, तर त्याचीही पाने त्या भाजीस खुडतात. आमच्या बाजारास ठाऊक होते ते मूळ, त्यांस ठाऊक होते ते पान. पान खुडले तर झाड पुन्हा फुटते; मूळ उपटले तर संपते. “तुमच्या पुड्यांपायी फोडशी आता लांब जाऊन आणावी लागते,” असे त्या कोणताही राग न दाखविता म्हणाल्या आणि आम्हांस चहा दिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांची मालकी मान्य झाली आहे. आपल्या व्यापाऱ्यांनी मुळांची खरेदी कमी करून लागवडीचा माल घ्यावा आणि डोंगरातील माल घेताना तोडणाराचे नाव व गाव वहीत लिहावे, असा ठराव आम्ही मंडळाच्या येत्या सभेपुढे मांडणार आहोत. विरोध होईल, याची कल्पना आहे.

त्या दिवशी संध्याकाळी परत येताना बसमध्ये आम्ही वही उघडली. पांढऱ्या मुसळीसमोर तिसऱ्या रकान्यात ‘फोडशी’ असे लिहिले. अक्षर हलले आहे, कारण घाट होता.